वजनावर घेतलेलं डिफरन्शियल

वहिनीने गाडीत बसणं बंद केलं ते दिवाळीनंतरच्या एका बाजारात. जे घडलं ते सगळ्या बाजाराने पाहिलं होतं, त्यामुळे त्याबद्दल मतभेद नव्हते. मतभेद सुरू झाले ते उपायावरून.

माझा मोठा भाऊ भांडी विकतो. तळोद्यात त्याचं दुकान आहे, पण धंदा खरा चालतो तो वर डोंगरात, अक्राणीतल्या आठवडे बाजारांत. तिथे जायला त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेला एक जुना ट्रक आहे. आकाराने लहान, आवाजाने मोठा. इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येते, म्हणून चांदसैलीचा घाट आणि त्यापुढचे कच्चे रस्ते त्याला चालतात. बाजारात पोचलं की मागची फळी खाली पाडायची, की झालं दुकान. पातेली, ताटं आणि हंड्यांच्या मधोमध वहिनी बसते. गिऱ्हाइकं फळीपाशी उभी राहतात. विकणारी ती. दादा गाडी चालवतो, माल चढवतो आणि चहाला जातो.

त्या दिवशीही तो चहालाच गेला होता. हा बाजार टेकडीच्या उतारावर भरतो. गाडीचं तोंड खाली, फळी वरच्या बाजूला. जाताना दादाने हँडब्रेक ओढला होता. चाकाखाली दगड मात्र 'आलोच' म्हणून राहून गेला. थोड्या वेळाने वहिनीने पाहिलं की समोर पातेलं वाजवून बघणारी बाई हळूहळू लांब चालली आहे. बाई जागेवरच होती. गाडी चालली होती. खालच्या अंगाला मोहाचं एक झाड होतं, त्याला टेकून ती थांबली. कुणाला काही लागलं नाही. पेल्यांची एक चळत कोसळली आणि तिचा आवाज दादाला चहाच्या टपरीवर ऐकू गेला.

घरी आल्यावर दादाने दोष जमिनीला दिला. मुरूम सुटा होता, तो म्हणाला, मुरूम सरकला.

"मुरूम जागावरच ऱ्हायना," वहिनी म्हणाली. "गाडी गई."

आणि पुढे म्हणाली, "ती उभी ऱ्हाई तवय सांगा. तोपर्यंत मी बठाव नही."

वहिनी खांडबाऱ्याची. तिचे वडील तिकडच्या बाजारांत भांडी विकायचे, त्यामुळे तिकडच्या आदिवासींची कोकणी तिला लहानपणापासून येते. पावरी, म्हणजे वर डोंगरातली बोली, ती लग्नानंतर शिकली, आणि आता त्या भाषेत घासाघीस करते, लग्नाची चौकशी करते, कुणाची सासू कशी आहे तेही सांगते. दादाची पावरी आकड्यांपुरती आहे. पुढच्या दोन-तीन बाजारांना तो एकटाच गेला. बायका यायच्या, आत डोकवायच्या, ती कुठे म्हणून विचारायच्या आणि निघून जायच्या. दादा घरी येऊन सांगायचा की बाजारच थंड होता. होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार पुढे दिसत होते. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री तेव्हाची. वहिनी फळीमागे नसेल तर भोंगऱ्या गेला, हे दादाला माहीत होतं. तसं तो बोलला नाही. त्याऐवजी त्याने गाडीच्या पूर्ण दुरुस्तीची घोषणा केली.

मी तेव्हा वर्तमानपत्राची नोकरी सोडून तळोद्यात येऊन राहिलो होतो. डेस्कवर अनेक वर्षं काढल्यामुळे कुणी काही सांगितलं की 'कशावरून' असं विचारायची सवय लागली होती. घरात या सवयीचं कौतुक नव्हतं, पण दादा मला बरोबर न्यायचा. साक्षीदार असावा, म्हणायचा.

घोषणेतला पहिला विषय ब्रेक नव्हताच. पहिला विषय होता डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या पोटाखाली जो लोखंडी गोळा दिसतो, तो. इंजिनाकडून येणारा दांडा त्यात शिरतो आणि आतली दातेरी चक्रं त्या फिरण्याची ताकद दोन्ही चाकांना वाटून देतात. दादाच्या गाडीतला हा गोळा गेली दोन वर्षं रडत होता. वेग घेतला की मागून बारीक सूर निघायचा. दादाला त्याची सवय झाली होती, पण दुरुस्तीला दिशा हवी होती आणि हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं.

"ब्रेकनं काय?" वहिनीने विचारलं.

"ते शेवटले," दादा म्हणाला. "आधी मोठं काम."

नंदुरबारला जुन्या गाड्यांचे भाग विकणारे एक शेठ आहेत. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, आता खान्देशी इतकी चांगली बोलतात की गिऱ्हाईक बेसावध होतं. त्यांच्या आवारात आम्हाला दोन डिफरन्शियलं दाखवण्यात आली. दोन्ही आपल्याच गाडीला बसतील, असं शेठ म्हणाले. कशावरून, असं मी विचारलं. "बसतस," ते म्हणाले. खुलासा तेवढाच झाला.

आता दादाने जे केलं ते भांड्यांच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. त्याने दोन्ही गोळ्यांवर बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि कान जवळ नेऊन आवाज ऐकला. मग शेठना काटा मागितला. भंगाराचा मोठा काटा आवारातच होता. एकेक गोळा त्यावर चढवला गेला. दादा पातेलं घेताना हेच करतो. पत्रा पातळ आहे का जाड, हे वजन सांगतं, आणि कुठे चीर गेली आहे का, हे आवाज सांगतो. दुसरा गोळा वजनाला जास्त भरला. आवाजही घुमणारा होता.

"हाऊ," त्यावर हात ठेवून दादा म्हणाला.

शेठनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. इतक्या वर्षांत वजनावर डिफरन्शियल निवडणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलेलं नसावं. आपण हा माल अशाच माणसासाठी ठेवला होता, असं ते म्हणाले.

तळोद्याच्या मिस्तरीने ते बसवलं. मिस्तरी हुशार आहे, पण त्याला कुठलाही प्रश्न विचारला की तो दुसऱ्याच एखाद्या गाडीची गोष्ट सांगतो. आत दात किती आहेत ते बघितलं का, असं मी विचारलं, तेव्हा त्याने मोलगीच्या एका जीपची हकीकत सांगितली. हकीकत चांगली होती. उत्तर त्यात नव्हतं.

मिस्तरीला बरोबर घेऊन आम्ही चाचणीला निघालो. डांबरी रस्त्यावर गाडी सुरेख पळाली. मागचा सूर बंद झाला होता. शिवाय वेग पूर्वीपेक्षा जास्त येत होता, तेही इंजिन फारसं न ओरडता. दादाने हे वजनाचं यश मानलं. नदीच्या वाळूत त्याने चारही चाकांची ताकद लावून पाहिली. गाडी वाळूतून बाहेर आली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "लिखी ले, पेपरवाला."

लिहिण्यासारखं झालं ते पुढे, घाटात. चढावर दादाने पुन्हा चारही चाकं जोडणारा लिव्हर ओढला. रस्ता कडक होता. थोडं अंतर गाडी नीट गेली. मग तिच्या अंगात कापरं भरलं. खालून दात खाल्ल्यासारखा आवाज आला, स्टेअरिंग जड झालं, आणि दादाने लिव्हर परत टाकायला जावं तर तो जागचा हलेना. मिस्तरीने गाडी थोडी मागे घ्यायला लावली, तेव्हा तो सुटला.

तिथेच रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून मिस्तरीने खडू काढला. गाडीखालून एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो, एक मागच्या. दोन्हींवर त्याने खूण केली, एक खूण टायरवर केली. मग दादाने आणि मी गाडी ढकलली, टायर एकदा पूर्ण फिरेल इतकी. मिस्तरी बाजूला उकिडवा बसून दोन्ही खुणा मोजत होता. चाक एकदा फिरलं तेवढ्यात पुढचा दांडा पाच फेऱ्यांहून थोडा जास्त फिरला होता. मागचा चार फेऱ्यांवर थोडा, की थांबला. चार चाकं एकत्र लावली की हे दोन्ही दांडे एकमेकांना जोडले जातात. वाळूत चाकं घसरतात म्हणून फरक खपतो. कडक रस्त्यावर खपत नाही. पुढच्या चाकांमधला गोळा एक सांगतो, मागचा दुसरं, आणि मधली सगळी यंत्रणा पिळली जाते.

मिस्तरीने हात पुसले. "शेठ, वजन बराबर शे," तो दादाला म्हणाला. "दात बराबर नही."

घरी ही बातमी मीच सांगितली, कारण दादा हातपाय धुवायला गेला होता आणि बराच वेळ धूत होता. वहिनीने ती शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजे पुढलं एक म्हनस, मागलं दुसरंच काही," ती म्हणाली. "आनि हाई समजाले इतला लांब घाटमा जानं पडनं. घरमाच मले इचारतात, तर मी सांगी देती."

आता दोन मार्ग होते. मागच्याशी जुळणारा पुढचा गोळा आणायचा, म्हणजे सपाटीवर गाडी पळेल आणि भरला माल घेऊन घाट चढताना दम टाकेल. किंवा मागचा परत करून पुढच्याशी जुळणारा आणायचा, म्हणजे गाडी पूर्वीसारखीच हळू राहील आणि घाट चढेल. घाट चढणं हेच गाडीचं काम असल्यामुळे निर्णय सोपा होता. दादाला त्यासाठी आठवडा लागला. जड गोळा त्याला सोडवत नव्हता. गाडीतून काढून अंगणात ठेवलेल्या त्या गोळ्याला तो जाता-येता टिचकी मारायचा.

ब्रेकचा विषय या आठवड्यात निघाला, आणि दादाने त्यातही आधुनिक भूमिका घेतली. मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे. जुन्या गाडीच्या चाकात ड्रम असतो, म्हणजे पातेल्यासारखी एक बंद वाटी, आणि तिच्या आतून दोन शू, म्हणजे बाकदार पट्ट्या, दाबले जातात. नदी ओलांडली की त्यात पाणी जातं, चिखल बसतो, आणि पुढचा काही काळ ब्रेक लागतो पण पकडत नाही. डिस्क म्हणजे उघडं ताट. पाणी लगेच उडून जातं. दादाने सुरतेहून आलेल्या एका गाडीच्या डिस्कवर टिचकी मारून पाहिली होती. आवाज उत्तम होता.

मिस्तरीचं मत ड्रमच्या बाजूने होतं. ड्रमचे लायनर तळोद्यात मिळतात. डिस्कचं काही बिघडलं तर सुरत गाठा. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर पेडलवर हलका पाय ठेवून चालवलं की ड्रम सुकतो, सगळे जीपवाले तेच करतात. यावर त्याने एका जीपची गोष्ट सांगितली. दादाने दुसऱ्या एका गाडीची सांगितली. दोघंही उतारावर, वळणावर, भरल्या मालानिशी गाडी कशी थांबेल याबद्दल बोलत होते. वहिनी ओट्यावर बसून विक्रीला न्यायच्या कळश्या पुसत होती.

"थांबस ते ठीक," ती म्हणाली. "उभी ऱ्हास का?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"घाटमा ती कधी पळी गई? नही ना. ती बाजारमा गई. तुम्ही चहाले व्हतात, ती उभी व्हती, आनि गई. मी इतला दिनथीन त्येच म्हनी ऱ्हायनू, तुम्ही घाटमाच फिरी ऱ्हायनात."

दादाने विनोदाचा आधार घेतला. "मणिबेलीले जावाले नदीमा बोटमा बठस तू. बोटले कोठे ब्रेक ऱ्हास?"

"बोट उतारवर उभी नही करतस," वहिनी म्हणाली.

मग तिने मिस्तरीला विचारलं की हँडब्रेक ओढलेला असताना गाडी गेलीच कशी. मिस्तरीने या वेळी दुसऱ्या गाडीची गोष्ट सांगितली नाही. या गाडीचा हँडब्रेक चाकांना धरतच नाही, तो म्हणाला. तो धरतो मधल्या दांड्याला, डिफरन्शियलच्या अलीकडे. दांडा घट्ट धरला तर दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरू शकत नाहीत. पण एक चाक पुढे आणि दुसरं मागे, असं ती फिरू शकतात, कारण डिफरन्शियलचं कामच ते. एक चाक सुट्या मुरमावर असेल तर ते जागच्या जागी उलटं घसरतं, दुसरं सुलटं फिरतं, आणि गाडी निघते. दांडा मात्र जागचा हलत नाही.

वहिनी विचारात पडली. मी 'कशावरून' म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात दादा उठला, घरात गेला आणि खिळ्याला टांगलेला जुना तराजू घेऊन आला. मोड, म्हणजे जुनी फुटकी भांडी, वजनावर घेण्यासाठी पूर्वी वापरायचा तो. त्याने दांडी मधोमध मुठीत धरून तराजू उचलला.

"हाऊ मन्हा हात म्हंजे हँडब्रेक," तो म्हणाला. "मी मधमा धरेल शे. आते देख."

त्याने एका पारड्यात कळशी ठेवली. ते पारडं खाली गेलं, दुसरं वर गेलं. हात जागचा हलला नव्हता.

मिस्तरी म्हणाला, हे असंच.  ज्या काट्याने दादाला चुकीचा गोळा घ्यायला लावला होता, त्याच्याच भावंडाने आता बरोबर उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर त्याच्या हातात होतं, त्यामुळे ते मानणं भाग होतं.

"दोन्ही पारडा धरना पडतीन," तो म्हणाला.

"मंग धरा," वहिनी म्हणाली आणि कळशी परत घेतली.

त्यानंतर प्रश्न सुटायला वेळ लागला नाही. चाकांनाच धरणारा हँडब्रेक पाहिजे. तो ड्रममध्ये सोपा. दोन्ही बाजूंना तारा जातात आणि आतले शू ओढून धरतात. दादाच्या आवडीच्या डिस्कला तसा हँडब्रेक नव्हता. म्हणून सुटा गोळा न घेता मागचा अख्खा आस, म्हणजे ॲक्सल, आणायचा ठरला. त्यात मोठे ड्रम हवेत, हँडब्रेकच्या तारांची सोय हवी, आणि डिफरन्शियलचे दात पुढच्याइतके हवेत. हे शेवटचं वाक्य मिस्तरीने दोनदा म्हटलं.

या वेळी नंदुरबारला वहिनीही आली. अर्थात एसटीने. शेठनी दोन आस दाखवले. दादाचा हात सवयीने टिचकीसाठी पुढे झाला आणि वहिनीने नुसतं पाहिल्यावर मागे आला. मिस्तरीने झाकण उघडायला लावलं, आतले दात मोजले, मग मला मोजायला लावले. आमचे आकडे जुळले. शेठनी विचारलं, काटा आणू का. मिस्तरीने झाकण परत लावायला घेतलं. जड गोळा त्यांनी परत घेतला, पण भंगाराच्या भावाने, म्हणजे वजनावर. दादा म्हणाला, बघा, वजन शेवटी कामाला आलंच.

पुढच्या चाचण्या दादाने उत्साहाने घेतल्या. घाटात चारही चाकं लावून गाडी चढली, लिव्हर सुटला, कापरं भरलं नाही. पाण्यातून काढून, पेडलवर हलका पाय ठेवून ड्रम सुकवले. उतारावर थांबवली. वहिनीला या सगळ्याचा वृत्तांत मिळत होता आणि ती तो ऐकून घेत होती. बसते म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती.

भोंगऱ्याच्या बाजाराला ती मागून जीपने आली. आम्ही आधीच पोचलो होतो. तोच उतार, तेच मोहाचं झाड. दादाने गाडी जाणूनबुजून तिथेच लावली होती, आणि मागचं एक चाक सुट्या मुरमावर राहील असंही पाहिलं होतं. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मिस्तरी सणाचा नवा शर्ट घालून बाजूला उभा होता. दादाने आणि मी मागून जोर लावून पाहिला. गाडी जागची हलली नाही. खालच्या बाजूने ढोल वाजत होते आणि लोक नुसते येतच होते.

वहिनी जीपमधून उतरली. तिच्या हातात पिशवी होती. तिने गाडीला एक फेरी मारली, पिशवीतून घरचा जुना वरवंटा काढला आणि पुढच्या चाकाखाली नीट बसवला.

मिस्तरीचा चेहरा पडला. "भाबी, ब्रेकवर इस्वास नही का?"

"शे ना," वहिनी म्हणाली. "खांडबारा टेसनवर डबा उभा करतस, त्याले बी ब्रेक ऱ्हास. तरी चाकखाले लाकडाना ठोकळा देतस. रेल्वेले काय अक्कल नही का?"

मिस्तरीला डब्याची गोष्ट माहीत नव्हती. 

मग वहिनी फळीवर पाय देऊन आत चढली. ताटं उजवीकडे, पातेली डावीकडे, पेले हाताशी, अशी तिने मांडणी बदलून घेतली. दादाने एकट्याने केलेली मांडणी तिला पसंत नव्हती. दोन बायका फळीपाशी आल्या आणि तिला पाहून मोठ्याने हसल्या. तिघींचं पावरीत काहीतरी लांबलचक सुरू झालं. त्यात दोन-तीनदा सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा विचारत होता काय म्हणतात, पण कुणी सांगितलं नाही. एकीने हंडा उचलून वाजवून पाहिला.

दादा गाडीच्या दाराशी उभा होता. निघावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. वहिनीने मान वळवली.

"उभा का ऱ्हायनात? जा, चहा पी या."

तो गेला. मी बरोबर होतो. टपरीवर त्याने नेहमीचं बाकडं सोडलं आणि गाडी दिसेल असा कोपरा धरला. चहा आला. दादाने पेला हातात घेतला आणि मागच्या चाकाकडे पाहू लागला.  फळीपाशी आता गर्दी झाली होती, वहिनीचं डोकं त्यात मधूनमधून दिसत होतं. चाक जागच्या जागी होतं.

टपरीवाल्याला पेले कमी पडत होते. त्याने दोनदा येऊन पाहिलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "शेठ, पी ना रे भो, मन्हा पेला मोकळा कर." दादाने चाकावरची नजर न काढता गार चहा एका घोटात संपवला आणि पेला हवेतच पुढे केला.